घरी रोल धुवायचाय? आधी पाणी मोजा

माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांचा किंवा काकांचा जुना कॅमेरा सापडतो, हौसेने ब्लॅक अँड व्हाइट रोल मागवला जातो, एक रविवार पर्वतीवर आणि एक तुळशीबागेत फिरून ३६ फोटो काढून होतात आणि मग प्रश्न येतो की आता हा धुवायचा कुठे. हल्ली मला हे बरेच जण विचारतात आणि मी सगळ्यांना एकच सांगते, घरी धुवा. त्याला वेगळी डार्करूम लागत नाही. पूर्ण अंधार फक्त पाच-दहा मिनिटं लागतो, फिल्म टँकमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या बंद डब्यात, जाईपर्यंत, पुढचं सगळं बाथरूममध्ये दिवा लावून करता येतं.

आधीच सांगते, हे सगळं ब्लॅक अँड व्हाइटबद्दल आहे. रंगीत रोलच्या डेव्हलपरला, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या केमिकलला, जवळजवळ ३८ अंश तापमान लागतं आणि ते सव्वातीन मिनिटं अजिबात हलू द्यायचं नसतं, त्यामुळे तो नाद पाच-सहा रोल धुऊन हात बसल्यावर.

आता मुख्य गोष्ट. केमिकलच्या डब्यावर, फिल्मच्या खोक्यात, सगळीकडे २० अंश सेल्सिअसचं टायमिंग लिहिलेलं असतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे नळाचं पाणी त्याच्या आसपास असतंही, पण एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात भाजेल असं असतं. नवीन माणूस थर्मामीटर न लावता २० अंशांचं टायमिंग वापरतो, फिल्म जास्त शिजते, फोटो भरड आणि नुसते काळे-पांढरे होतात, मधल्या करड्या छटा जातात आणि तो समजतो की आपल्याला जमत नाही. तसं काही नसतं हो, पाणी गरम होतं एवढंच. म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची, बाकी सगळं नंतर.

मी उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरते. माठ पाझरतो, ते पाणी वाळतं आणि आतलं पाणी गार होतं, आणि आपल्याकडे एप्रिलची हवा कोरडी असल्याने हे फार छान चालतं, माझ्या घरी माठात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी २४ अंशांच्या आसपास येतं. पावसाळ्यात हवेतच ओल असते तेव्हा माठ फारसा गार होत नाही, पण तेव्हा नळाचं पाणीही एवढं तापलेलं नसतं. म्हणून मी वर्षभर २४ अंश हाच माझा आकडा धरते. २० च्या मागे बर्फ घेऊन धावण्यापेक्षा २४ वर स्थिर राहणं सोपं. बर्फ लागलाच तर तो केमिकलमध्ये टाकायचा नाही, पातळ होतं, बाटल्या टबमध्ये उभ्या करून टबात टाकायचा.

सामान फार नाही. एक डेव्हलपिंग टँक रीलसकट (रील म्हणजे फिल्म गुंडाळायची खाचांची चकती), प्लॅस्टिकचा पॅटरसन सगळ्यात सोपा, त्यात ३५ एमएमच्या एका रोलला २९० मिली केमिकल लागतं. मापाचा जार, नरसाळं, तीन बाटल्या, हातमोजे, कात्री, कपड्यांचे चिमटे आणि सोड्याची बाटली उघडायचा ओपनर, कारण रोलचं झाकण त्यानेच उघडतं. बाटल्या, टब, नरसाळं रविवार पेठेत बोहरी आळीत एका चकरेत होऊन जातं. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब असेल तर जुना टँक किंवा एन्लार्जरही (फोटो मोठा करून कागदावर पाडायचं यंत्र) मिळून जातो, घेताना टँकच्या मधली काळी नळी आहे का तेवढं नक्की बघा, ती नसेल तर टँकमध्ये उजेड शिरतो आणि मग त्याचा उपयोग डबा म्हणूनच. स्वयंपाकघरातलं एकही भांडं यात वापरायचं नाही आणि यातलं एकही परत तिकडे न्यायचं नाही.

केमिकल तयार पाकिटात घ्या असं मी पहिल्या रोलला सांगेन. पण ज्यांना स्वतः बनवायचंय त्यांच्यासाठी, डी-७६ हा डेव्हलपर १९२० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याची कृती सगळ्या जगाला माहिती आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी ५० अंशांच्या आसपास गरम करायचं, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि पाणी घालून एक लिटर करायचं. क्रम चुकवू नका, सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळायला फार त्रास देतं. सल्फाइट म्हणजे सल्फाइटच, सल्फेट नाही आणि बायसल्फाइटही नाही, दुकानात लेबल दोनदा वाचा. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं, म्हणून हातमोजे घालायचेच, आणि पावडर ढवळताना खिडकी उघडी ठेवायची. काठोकाठ भरलेल्या बाटलीत हे सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोनेक महिने, कारण त्याची खरी शत्रू हवा आहे. प्लॅस्टिकची बाटली असेल तर दाबून हवा काढून झाकण लावा.

उमटलेला फोटो पक्का करतो तो फिक्सर, म्हणजे आपलं हायपो, सोडियम थायोसल्फेट. जॉन हर्शेलने १८१९ मध्ये शोधून काढलं होतं की याच्यात चांदीचे क्षार विरघळतात आणि १८३९ पासून फोटोसाठी ते आजतागायत वापरतात. एक लिटर पाण्यात २५० ग्रॅम खडे. हे विरघळताना बाटली हाताला बर्फासारखी गार लागते, ते खडे उष्णता ओढून घेतात म्हणून, त्यामुळे पाणी कोमट घ्या आणि वापरायच्या आधी तापमान परत मोजा. साधं हायपो फार टिकत नाही, लागेल तेवढंच करा. या दोघांच्या मधला स्टॉप बाथ, जो डेव्हलपरचं काम थांबवतो, तो म्हणजे किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, एक भाग व्हिनेगर तीन भाग पाणी. बस.

बाटल्यांवर मोठ्ठे आकडे लिहा, १, २, ३. हे मी का सांगतेय ते ऐका. सदाशिव पेठेतला आमच्या आजोळचा वाडा पाडायच्या आधी मी एक पूर्ण रोल तिथे काढला होता, चौक, हौद, जिन्याचा लाकडी कठडा, आणि आजी शेवटचं तुळशीला पाणी घालताना. दोन्ही बाटल्या सारख्या होत्या, दोन्हीतलं द्रावण पाण्यासारखं, आणि मी पहिल्यांदा फिक्सर ओतला. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. वाडा पंधरा दिवसांत पडला, आता तिथे सात मजली इमारत आहे. तेव्हापासून डेव्हलपर लाल झाकणाच्या बाटलीत, आणि ओतायच्या आधी एक चाचणी करते जी तुम्हीही प्रत्येक वेळी करा. रोलच्या सुरुवातीची जी जीभ बाहेर असते ती लोड करायच्या आधी कापावीच लागते, तिचा एक तुकडा उजेडातच मापाच्या जारमध्ये डेव्हलपर घेऊन त्यात टाकायचा, एक-दोन मिनिटांत काळा पडला तर डेव्हलपर जिवंत आहे. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये, तो दुधी असतो तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म फिक्स करायची. साध्या हायपोत हे साधारण दहा मिनिटांपर्यंत जातं. पाच मिनिटं होऊनही तुकडा साफ झाला नाही तर फिक्सर संपला, नवीन करा.

आता लोडिंग. सगळ्यात जास्त रोल इथे खराब होतात, आणि याला उपाय सरावाचाच. एखादा मुदत संपलेला स्वस्त रोल बळी द्या, उजेडात बघून पाच वेळा रीलवर चढवा, मग डोळे मिटून पाच वेळा, मग रात्री बाथरूममध्ये दिवे घालवून. दाराच्या फटीला टॉवेल लावा, आत पाच मिनिटं बसून राहा, डोळे सरावल्यावर कुठे उजेडाची रेघ दिसतेय का बघा. चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायला बाह्या असलेली काळी पिशवी, असेल तर उत्तमच, पण मे महिन्यात त्यात हाताला घाम सुटतो आणि घामाने फिल्म रीलला चिकटते, त्यामुळे आधी हात धुऊन कोरडे करा, पंख्याखाली बसा.

कात्रीने फिल्मचं टोक सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करा, हा एक केस एवढा फरक असतो पण त्यानेच फिल्म अडकायची थांबते. अंधारात ओपनरने झाकण काढलं की फिल्मची गुंडाळी हातात येते, तिला कडेनेच धरायचं. टोक रीलच्या खाचेत सरकवून थोडं पुढे ओढायचं, खाचेच्या तोंडाशी बारीक गोळ्या असतात त्यांच्या पुढे गेलं की रीलच्या दोन बाजू आळीपाळीने मागे-पुढे फिरवायच्या, खर्र-खर्र असा एकसारखा आवाज येत राहतो, तो आवाज बदलला किंवा हाताला कुरकुरल्यासारखं लागलं की थांबा. जोर लावला की फिल्मला घडी पडते आणि धुतल्यावर तिथे चंद्रकोरीसारखा डाग दिसतो. थांबायचं, थोडी मागे घ्यायची, परत. अगदीच होत नसेल तर फिल्म तशीच टँकमध्ये टाका, नळी आणि झाकण लावा, बाहेर या, चहा घ्या. घाई नाहीये. रील पूर्ण कोरडी असली पाहिजे, कालच धुतलेली आणि अर्धवट ओली रील पावसाळ्यात हमखास दगा देते.

झाकण बसलं की दिवा लावा. आता धुलाई. मी उदाहरण एचपी फाइव्ह प्लस या ४०० आयएसओच्या फिल्मचं घेते कारण नवीन माणसाच्या चुका ती बऱ्याच पोटात घेते. डी-७६ तसंच वापरलं तर २० अंशांना साडेसात मिनिटं, २४ ला साधारण सव्वापाच. इथेच आपल्यासारख्या गरम गावातल्यांसाठी अडचण आहे, पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपर ओतण्या-काढण्यातल्या सेकंदांचाही फरक पडतो आणि आकाशात पट्टे येतात. म्हणून डेव्हलपर तेवढंच पाणी घालून निम्मं करा, म्हणजे २९० मिलीसाठी १४५ डेव्हलपर आणि १४५ माठातलं पाणी. आता २० अंशांना ११ मिनिटं आणि २४ ला साधारण पावणेआठ मिनिटं होतात. हे एकदाच वापरून टाकून द्यायचं. २७-२८ च्या पुढे मात्र जाऊच नका, फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि बोट लागलं तरी ओरखडा उठतो.

डेव्हलपर ओता, घड्याळ चालू करा, झाकण घट्ट लावून पहिलं अर्धं मिनिट टँक हळू उलटा-सुलटा करत राहा, मग तळाशी हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटायचं आणि खाली ठेवायचं. सरबतासारखं खळखळून हलवू नका. वेळ संपायच्या दहा सेकंद आधी ओतायला सुरुवात. मग स्टॉप बाथ अर्धं मिनिट, मग फिक्सर, तोही मिनिटाला थोडा हलवत. स्टॉप आणि फिक्सरही डेव्हलपरच्याच तापमानाजवळ हवेत, दोन-चार अंश इकडेतिकडे चालतं, पण गार माठातून काढून टाकीच्या गरम पाण्यात टाकणं नको.

फिक्सिंगचा निम्म्यापेक्षा जास्त वेळ झाला की झाकण उघडून बघायला हरकत नाही, आणि खरं सांगते, हा क्षण मला अजून जुना झालेला नाही, रीलच्या बाहेरच्या वेढ्यात इवलीशी उलटी माणसं दिसतात, काळं आकाश, पांढरे केस काळे झालेले.

नंतर धुणं. नळ सोडून अर्धा तास ठेवायची गरज नाही आणि पाण्याची बोंब असलेल्या या शहरात तसं करूही नये. टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटा, ओता, परत भरा, दहा वेळा, ओता, परत भरा, वीस वेळा, ओता. इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेली ही पद्धत आहे आणि तिला एक लिटरही पाणी लागत नाही. पद्धत झटपट काम करणाऱ्या रॅपिड फिक्सरसाठी आहे, साधं हायपो वापरलं असेल तर मी आणखी दोन-तीन वेळा भरून ओतते. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या. खडकवासल्याचं पाणी त्यामानाने बरं आहे पण ज्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअर आहे तिथे फिल्म वाळल्यावर पांढरे ठिपके पडतात, ते क्षारांचे, आणि आकाशावर तर फारच दिसतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी कुठल्याही गॅरेजशेजारी मिळतं, त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एकच थेंब टाका, फेस होऊ देऊ नका, मिनिटभर फिल्म ठेवा आणि उचला. बोटांनी किंवा फडक्याने पाणी निपटू नका, नुसतं निथळू द्या.

वाळवायला बाथरूमच बरं, वरच्या दोरीला एका चिमट्याने, खाली दोन चिमटे वजनाला. आधी गरम पाण्याचा नळ थोडा वेळ सोडून वाफ केली की हवेतली धूळ खाली बसते. पंखा बंद. उन्हाळ्यात दोन तासांत वाळते, जुलैत रात्रभर ठेवा. मग सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून पाकिटात. पावसाळ्यात पाकिटांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बुरशी जिलेटिन खाते.

फोटो बिघडले तर कुठे बिघडलं हे फिल्मच सांगते. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात, ते कारखान्यातच उमटवलेले असतात, फक्त डेव्हलप व्हायचे असतात. कडेची अक्षरं ठळक आणि फोटो फिके, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरं पण फिकी, म्हणजे डेव्हलपिंग कमी. अक्षरं छान पण फोटो एकही नाही, म्हणजे रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नव्हता. आणि अक्षरंसुद्धा नाहीत, नुसती स्वच्छ पट्टी, म्हणजे डेव्हलपर मेलेला होता किंवा माझ्यासारखं बाटल्यांचं. फिल्म दुधी-धुरकट दिसली तर घाबरू नका, फिक्सिंग कमी झालंय, परत फिक्सरमध्ये टाका आणि परत धुवा, उजेडात चालतं.

या सगळ्याची एक वही ठेवा. तारीख, फिल्म, तापमान, वेळ, पाणी कुठलं. सहा रोलनंतर तुमचं टायमिंग तुमच्या वहीत असेल, चार्ट बघावाच लागणार नाही.

आता कॉप्या. एन्लार्जर नसला तरी सुरुवात करता येते, काँटॅक्ट शीट करा, म्हणजे फिल्म थेट कागदावर ठेवून तिच्याच मापाचे छोटे फोटो. त्यासाठी बाथरूम अंधारं करून लाल दिवा लावायचा, कागदाला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. तपकीर गल्लीत लाल बल्ब मिळतो पण सगळे लाल बल्ब खरे लाल नसतात, म्हणून तपासून घ्या, कागदाचा तुकडा त्या दिव्याखाली ठेवून त्यावर एक रुपया ठेवा, पाच मिनिटांनी तुकडा डेव्हलप करा, नाण्याचा गोल दिसला तर तो दिवा नको. ही चाचणी सगळ्यांच्या आधी करा, कागद फार महाग आहे.

कागद आरसी म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला घ्या, आठ बाय दहा इंचाचा, म्हणजे सहा फ्रेमची पट्टी मावते, आणि मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टर बदलून काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येतो असा. तीन ट्रे, डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येकाचा चिमटा वेगळा. कागदाचा डेव्हलपर वेगळा असतो, फिल्मचा इथे चालत नाही. एका ट्रेचा थेंब उलट्या दिशेने जाऊ देऊ नका. काँटॅक्टसाठी कागद चकचकीत बाजू वर ठेवून, त्यावर फिल्मच्या पट्ट्या मंद बाजू खाली करून, वरून जाड काच. छताला टांगलेला छोटा पिवळा बल्ब क्षणभर लावा-घालवा. किती सेकंद ते मी सांगू शकत नाही, बल्ब किती उंच आहे त्यावर ठरतं, म्हणून टेस्ट स्ट्रिप. कागदाची पट्टी कापा, तिच्यावर फिल्म ठेवा, पुठ्ठ्याने झाकून एकेक बोट उघडत जा, दर वेळी दोन सेकंद, म्हणजे दोन, चार, सहा, आठ असे पट्टे पडतात. डेव्हलपरमध्ये पूर्ण एक मिनिट ठेवा. काळं होतंय असं वाटून लवकर काढू नका, लाल दिव्यात सगळंच गडद दिसतं, निर्णय पांढऱ्या उजेडात. ज्या पट्ट्यात फिल्मची कड आणि तिच्यातली भोकं जेमतेम वेगळी दिसतात, ती तुमची वेळ.

एन्लार्जर असेल तर हेच, फक्त लेन्सचं छिद्र दोन टप्पे लहान करून आणि दोन नंबरचा फिल्टर लावून, दर पट्टा पाच सेकंद. मंडईत लिंबू विकणाऱ्या एका आजींचा माझा फोटो आहे, मागे उन्हाचा कवडसा, आजींचा चेहरा सावलीत. सरळ कॉपीत चेहरा काळा आणि कवडसा नुसता पांढरा कागद. १५ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चार सेकंद चेहऱ्यावर तारेला लावलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा हलवत धरला, मग कार्डाला भोक पाडून फक्त कवडशावर आणखी दहा सेकंद. सहावी कॉपी जमली, आजींच्या नाकातली चमकी दिसायला लागली. तुकडा सतत हलता ठेवायचा, स्थिर धरला की त्याची कड उमटते.

मग स्टॉप दहा सेकंद, फिक्सर डब्यावर लिहिलंय तेवढा, वाहत्या नव्हे, बदलत्या पाण्यात दोन मिनिटं, आणि दोरीवर.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही. त्यात फिल्मवरची चांदी उतरलेली असते आणि आपलं सांडपाणी शेवटी मुळा-मुठेतच जातं. जुन्या डब्यात साठवा, त्यात भांडी घासायची बारीक लोखंडी काथ्या टाकून आठवडाभर ठेवा, लोखंड द्रावणात जातं आणि चांदी काळ्या गाळासारखी काथ्यावर बसते. माझ्याकडे तो गाळ एका बरणीत जमतोय, बोटभर झालाय.